स्वभावाला औषध असतं का?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या काही महिन्यांत आपल्या कुटुंब गटांमध्ये एकच प्रश्न दोन बाजूंनी येतो आहे.

एका ताईंनी लिहिलं, "थोरला गाय, धाकटा आग्यावेताळ. दोघांना एकाच घरात वाढवलं, एकच शुभंकरोति शिकवलं. सासूबाई म्हणतात, तुझे संस्कार कमी पडले. माझं काय चुकलं?"

दुसऱ्या गटातल्या एका काकांचं म्हणणं याच्या बरोबर उलट. "तापटपणा आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे. वडील तसे, आजोबा तसे. आता साठीला आलो, काय बदलणार?"

नीट बघा. ताईंनी सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला आहे आणि काकांनी सगळी जबाबदारी पूर्वजांवर टाकली आहे. दोघांनाही त्रास होतोच आहे, आणि त्यांच्या घरच्यांनाही. म्हणून या वेळचा अभ्यास याच विषयावर घेऊ या: माणसाचा स्वभाव कशानं घडतो? जन्मानं की वातावरणानं? आणि त्यात आपल्या हातात किती?

*१. आपल्या म्हणी काय सांगतात*

आपल्या भाषेत दोन्ही बाजूंच्या म्हणी आहेत. "खाण तशी माती", "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात", "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही", या झाल्या जन्माच्या बाजूच्या. आणि "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" ही संगतीच्या बाजूची.

गंमत अशी की एकच माणूस सोयीप्रमाणे दोन्ही वापरतो. नातू पहिला आला की "आमच्यावर गेलाय", आणि नापास झाला की "संगत वाईट, आईचं लक्ष नाही"! हसू येतं, पण या वाक्यांनी घरोघरच्या सुनांनी किती रात्री रडून काढल्या असतील, तेही आठवावं.

*२. आपल्याच इंदूरचं उदाहरण*

दूर कशाला जायचं? ज्यांच्या पुण्याईवर आपलं हे शहर उभं आहे, त्या देवी अहिल्याबाईंचंच घर बघू.

मातोश्रींचा जन्म १७२५ चा, चौंडी गावचा. हे गाव जुन्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. साधारण आठव्या वर्षी, १७३३ मध्ये त्या होळकरांच्या घरात सून म्हणून आल्या. सासरे सुभेदार मल्हारराव म्हणजे तलवारीच्या बळावर वर आलेला माणूस. त्यांनी या सुनेची बुद्धी ओळखली. हिशेब, पत्रव्यवहार, वसुली, फौजेची रसद असं एकेक काम तिच्यावर सोपवत गेले. १७६५ च्या सुमाराच्या त्यांच्या पत्रांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत, आणि त्या सुनेला लिहिलेल्या आहेत! अठराव्या शतकात!

आता याच घरातली बाकीची माणसं बघा.

मल्हाररावांचा मुलगा खंडेराव. रक्त सुभेदारांचं, वाढ त्याच वाड्यातली. पण राज्यकारभारात त्यांचं मन फारसं रमलं नाही, असं चरित्रकार सांगतात. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात ते मारले गेले. मल्हाररावांची विद्या खऱ्या अर्थानं उचलली ती दुसऱ्या घरातून, दुसऱ्या रक्तातून आलेल्या सुनेनं. इथे कोणी म्हणेल, बघा, वातावरण जिंकलं. पण मग त्याच वातावरणात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत ते का नाही जिंकलं?

पुढची पिढी बघा. अहिल्याबाईंना दोन मुलं, मालेराव आणि मुक्ताबाई. आई एक, वडील एक, वाडा एक, देवघर एक. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि एकविसाव्या वर्षाच्या आसपास मालेराव गादीवर आले. सर जॉन माल्कम यांनी माळव्यातल्या जुन्या माणसांना विचारून १८२३ मध्ये जे लिहून ठेवलं, त्यात मालेरावांचं मन स्थिर नव्हतं, वागणं क्रूर आणि विचित्र होतं असं येतं. एका निरपराध कारागिराला त्यांनी संशयावरून मारलं, मग पश्चात्तापानं ते पार ढासळले आणि त्या माणसाच्या भुतानं त्यांना पछाडलं असं लोक मानू लागले. मातोश्री दिवसरात्र मुलाच्या बिछान्याशी बसून राहत. "तुझं देऊळ बांधते, तुझ्या मुलाबाळांना जमीन देते, पण माझ्या लेकराला सोड" अशा विनवण्या त्या त्या भुताला करत, असं माल्कम सांगतो. काही महिन्यांतच, १७६७ मध्ये मालेराव गेले.

अडीचशे वर्षांनंतर आपण कुणाचं निदान करायला बसायचं नाही. ते सगळं जसं ऐकलं तसं त्यानं लिहिलं आहे. पण एक गोष्ट मनात ठेवा. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि मंदिरं बांधणाऱ्या, रयतेला लेकरासारखं सांभाळणाऱ्या माउलीच्या पोटचा मुलगा असा निघाला. तिचे संस्कार कमी पडले असं म्हणायची आपल्यापैकी कुणाची छाती होईल? नाही ना? मग शेजारच्या सुनेला, आपल्या लेकीला किंवा स्वतःलाच ते वाक्य आपण इतक्या सहज कसं ऐकवतो?

*३. बीज – जन्मतः काय मिळतं*

आता विज्ञान काय म्हणतं ते बघू.

काही जुळी मुलं एकाच बीजापासून झालेली, हुबेहूब सारखी असतात. काही दोन वेगळ्या बीजांची, म्हणजे नुसती एका वेळी जन्मलेली भावंडं असतात. या दोन प्रकारच्या जोड्या किती सारख्या निघतात याची तुलना शास्त्रज्ञ करतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून तर लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. वाढवणारे आईवडील वेगळे असूनही हुबेहूब जुळ्यांच्या स्वभावात बरंच साम्य सापडलं.

२०१५ मध्ये अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली. जगभरातल्या जुळ्यांच्या १ कोटी ४० लाखांहून जास्त जोड्यांची माहिती त्यात होती. शरीर, आजार, बुद्धी, स्वभाव सगळं धरून माणसामाणसांतल्या फरकाचा सरासरी ४९ टक्के भाग अनुवंशाशी जोडलेला निघाला. नुसत्या स्वभावाचं बघितलं तर हा आकडा साधारण ४० टक्क्यांच्या आसपास येतो.

इथे एक मोठा गैरसमज होतो. "४० टक्के राग बाबांकडून आला, बाकी माझा" असा याचा अर्थ नाही. हे माळव्याच्या शेतावरून समजून घेऊ. एका शेतात सगळीकडे सारखी काळी माती, सारखं पाणी, पण पेरलं मिसळीचं बियाणं. रोपांत जो फरक दिसेल तो सगळा बियाण्याचा. आता निवडलेलं एकच शरबती गव्हाचं बियाणं घ्या. अर्धं ओलिताखाली पेरा, अर्धं कोरडवाहू. आता फरक दिसेल तो सगळा जमीन-पाण्याचा. म्हणजे टक्केवारी ही एका रोपाची नसते, सगळ्या शेताची असते, आणि शेत बदललं की तीही बदलते. आपल्या सोनूचा हट्ट किती टक्के कुणाचा, हे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट. रागाचं एक जनुक, लाजाळूपणाचं एक जनुक असं काही नसतं. शेकडो-हजारो जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो. प्रत्येक मूल आईचे अर्धे आणि वडिलांचे अर्धे जनुक घेतं, पण कोणते अर्धे ते दर वेळी वेगळं. पत्ते तेच, पिसणं नवं. म्हणून सख्खी भावंडं सरासरीनं निम्मीच सारखी असतात.

आणि "एकाच घरात वाढवलं" हेसुद्धा पूर्ण खरं नसतं बरं का! थोरल्याच्या वेळी आजी-आजोबा होते, आई घरी होती. धाकट्याच्या वेळी आजी गेल्या, बाबांची बदली झाली, हातात मोबाइल आला. शिवाय थोरल्याला धाकटा भाऊ आहे आणि धाकट्याला थोरला भाऊ आहे, हाच केवढा फरक! ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. दोन मुलं वेगळी निघणं यात चूक कुणाचीच नाही. ते तसंच व्हायचं असतं.

*४. जमीन – पोटापासून सुरुवात*

वातावरण म्हटलं की आपल्याला शाळा, संगत, टीव्ही आठवतो. पण बाळाचं पहिलं वातावरण म्हणजे आईचं पोट.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं मोठी झाली तरी त्यांचा पाठपुरावा चालू राहिला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोच्या आसपास हलकी, दिसायला बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, असं त्यातून दिसलं. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं चांगल्या वजनाची होती. आणि जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे नवव्या वर्षी मुलांच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्यांच्या आईचं बी-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष देण्याच्या आणि थोडा वेळ लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत इतरांच्या थोडी मागे होती.

लक्ष देणं म्हणजे स्वभाव नव्हे. पण ज्या मुलाचं लक्ष टिकत नाही त्याला आपण काय म्हणतो? "वांड आहे, ऐकतच नाही." शिक्का मात्र स्वभावाचा बसतो.

आपल्यातली बहुतेक घरं शाकाहारी, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बी-१२ भाज्यांत आणि डाळींत मिळत नाही. दूध-दह्यात मिळतं, पण पुरेलच असं नाही. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, किंवा बाळाचा विचार करत असेल, तर डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि सांगतील तशा गोळ्या घ्या. गर्भसंस्कार म्हणून स्तोत्रं ऐकणं उत्तमच, त्यानं आईचं मन शांत राहतं. पण तिच्या ताटात काय आहे आणि तिला विश्रांती मिळते का, हाही गर्भसंस्कारच आहे, आणि तो करायची जबाबदारी सगळ्या घराची आहे. बाळात पुढे काही कमी दिसलं तर "गरोदरपणी तू वाईट विचार केलेस" असं कुणी म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. असं बोलायला कसलाही आधार नाही.

दुसरं उदाहरण थायरॉइडचं. गळ्यातली ही लहानशी ग्रंथी. जन्मतः ती काम करत नसेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पण पहिल्या काही दिवसांत टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून ते कळलं आणि रोजची गोळी सुरू झाली, तर तेच बाळ इतर मुलांसारखं वाढू शकतं. बीज तेच, एका गोळीनं आयुष्य बदललं!

मोठेपणीही तेच. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, उदास, विसरभोळा होतो. फार वाढला की चिडचिड, धडधड, झोप नाही. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात आपण बायकांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. एखादी हसरी बाई अचानक किरकिरी झाली की "हल्ली फार बदलली ती" असं म्हणण्याआधी एक रक्ताची तपासणी करावी. कित्येकदा स्वभाव बदललेला नसतो, शरीर मदत मागत असतं.

पोटातून बाहेर आल्यानंतरच्या वातावरणाचंही तितकंच महत्त्व आहे. रोमानियात बुखारेस्ट इथे अनाथालयांतल्या १३६ बालकांचा अभ्यास २००० पासून झाला. त्यांतल्या निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली. अनाथालयात खायला-प्यायला मिळत होतं, पण कडेवर घेणारं आपलं माणूस नव्हतं. जी मुलं साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची बुद्धी, बोलणं आणि माया लावण्याची ताकद जास्त चांगली सावरली. आजीची मांडी, अंगाई, भरवलेला वरणभात हे नुसते लाड नसतात. त्यातून मेंदू घडत असतो.

*५. जुळणी – खरी गंमत इथे आहे*

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर पती-पत्नींनी १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत अभ्यास केला. त्यांना दिसलं की तान्ह्या बाळांमध्येच स्वभावाचा कल असतो. साधारण ४० टक्के बाळं सोपी, म्हणजे वेळेवर खाणारी, झोपणारी, हसरी. १० टक्के अवघड, म्हणजे रडणं मोठं, वेळेचं गणित नाही, नवीन काही चालत नाही. १५ टक्के हळूहळू रुळणारी. बाकीची मिश्र.

पण त्यांचा मोठा शोध पुढचा आहे. अवघड बाळं सगळीच पुढे अडचणीत आली नाहीत आणि सोपी सगळीच सुखी झाली नाहीत. मुलाचा कल आणि घराची अपेक्षा यांची जुळणी कशी आहे, त्यावर बरंच ठरलं. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला थोडा वेळ देणारं घर मिळालं तर ते फुललं. "पटकन कर, घाबरतोस काय" म्हणणारं घर मिळालं तर ते मिटलं.

रंगपंचमीची गेर आठवा. राजवाड्यावर लाखोंची गर्दी, ढोल-ताशे, टँकरमधून उडणारे रंग. बाबांच्या खांद्यावर बसलेलं एक पोर टाळ्या वाजवत असतं आणि दुसरं त्यांच्या मानेत तोंड खुपसून रडत असतं. दुसरं पोर भित्रं नाही, त्याच्या मेंदूला तोच आवाज जास्त मोठा लागतो. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवी खेळणी दाखवली. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडलं. अशा बाळांतली बरीच पुढे बुजरी झाली, पण सगळी नाही. ज्यांचे आईवडील त्यांना हात धरून थोडं थोडं बाहेर नेत राहिले, त्यांची भीती पुष्कळ कमी झाली. मुलाला ओढत गर्दीत नेऊ नये आणि कायम पदराआडही ठेवू नये. यंदा गल्लीतली होळी, पुढच्या वर्षी कोपऱ्यावरून गेर, त्याच्या पुढच्या वर्षी त्याला वाटलं तर राजवाडा!

मोठ्यांनाही हेच लागू आहे. सुनेचा स्वभाव बोलका आणि घर मुकं, किंवा घर गजबजलेलं आणि सून एकलकोंडी. यात वाईट कुणीच नाही, जुळणी बसायची आहे इतकंच.

*६. मशागत – साधनेचं काम काय*

आता साधकाचा प्रश्न. बीज मिळालेलं, जमीन मिळालेली. मग माझं काय?

श्रीसमर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात चातुर्यलक्षण सांगताना याचं फार सुंदर उत्तर दिलं आहे. त्याचा आशय असा. रूप अभ्यास करून मिळत नाही, जन्मतः आलेल्या सहज गुणांवर उपाय चालत नाही, पण बाहेरून येणारे, मिळवता येणारे आगंतुक गुण तरी धरावेत. गोरं होता येत नाही, पण शहाणं होता येतं. सहज आणि आगंतुक! आजचं विज्ञान जे बीज आणि जमीन म्हणतं, त्याच्याच जवळची ही मांडणी साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.

यावर आजचा पुरावाही आहे. स्वभाव बदलण्यासाठी केलेल्या उपचारांच्या २०७ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांचा सरासरी काळ साधारण सहा महिन्यांचा होता. तेवढ्या काळात स्वभावात मोजता येण्यासारखा बदल दिसला, आणि सगळ्यात जास्त बदल मनाच्या स्थिरतेत दिसला. चिंता, चिडचिड, उदासी कमी झाली. म्हणजे "स्वभावाला औषध नाही" ही म्हण पूर्ण खरी नाही. औषध आहे, फक्त ते एका डोसात लागू पडत नाही.

काकांना म्हणूनच नम्रपणे सांगावंसं वाटतं. राग चटकन येणं हा तुमचा सहज गुण असेल. पण राग आल्यावर ताट सरकवायचं की उठून अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, हा आगंतुक गुण आहे आणि तो साठीतही शिकता येतो. आपल्या मातोश्रींबद्दलही माल्कम लिहितो की त्या क्वचित रागावत, पण अन्याय, दुष्टपणा दिसला की त्यांच्या रागानं जवळची माणसंही थरथरत. तेज होतंच, ते कुठे वापरायचं हे त्यांनी ठरवलं होतं. आणि त्यांचा दिनक्रम बघा. पहाटेपूर्वी उठणं, पूजा, दानधर्म, मग दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. पती, सासरे, मुलगा सगळे गेल्यावर त्यांनी तीसएक वर्षं, १७९५ पर्यंत, असं राज्य चालवलं. ही नित्याची शिस्त म्हणजेच मशागत.

आपल्या शेजारच्या देवासचं एक उदाहरण देऊन हा भाग संपवते. पंडित कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणीच मोठ्या गायकांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाणारं पोर, म्हणजे बीज केवढं! पण ऐन तारुण्यात क्षय झाला. हवापालट म्हणून जानेवारी १९४८ मध्ये ते देवासला आले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद, अंथरुणावर. शरीरानं साथ सोडली. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी सांभाळून सेवा केली. त्याच काळात पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि ते मन लावून ऐकत राहिले. क्षयावरचं नवं औषध मिळालं, १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. पण पुढचं त्यांचं गाणं माळव्याच्या मातीचा वास घेऊनच आलं. बीज, शरीर, हवा, औषध, माणसांची माया आणि स्वतःचा ध्यास, यातलं एक जरी काढलं तर कुमारजी उरत नाहीत.

*७. एक कळकळीची सूचना*

स्वभाव आणि आजार यांत फरक असतो. माणूस अचानक वेगळं वागू लागला, झोप उडाली, कुणीतरी मारायला येतंय असं वाटू लागलं, कानात आवाज येऊ लागले, जगावंसं वाटत नाही असं बोलू लागला, तर ते मनाचं आजारपण असू शकतं. अहिल्याबाईंच्या काळी बिछान्याशी बसून रडण्याशिवाय आईच्या हातात काही नव्हतं. आज मनोविकार तज्ज्ञ आहेत, औषधं आहेत. भारत सरकारची टेली-मानस ही मोफत फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. नामस्मरण करा, पण डॉक्टरही करा. औषध चालू असेल तर ते कुणाच्या सांगण्यावरून, अगदी सत्संगातल्या कुणाच्या सांगण्यावरूनही, मनानं बंद करू नका. 🙏

*या आठवड्याचा अभ्यास*

🔸 घरातल्या प्रत्येकाचा एक सहज गुण आणि एक आगंतुक गुण वहीत लिहा. आधी स्वतःचा.

🔸 "तू असाच आहेस", "अगदी आत्यावर गेलीस", "तुझ्या आईनं शिकवलं नाही" ही वाक्यं सात दिवस बंद. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीबद्दलच बोलायचं. उदाहरणार्थ, "आज तू दार आपटलंस, मला वाईट वाटलं."

🔸 स्वतःची एकच खोड निवडा. ती उफाळते ती वेळ लिहून ठेवा. भूक लागलेली असते का? झोप अपुरी? विशिष्ट माणूस समोर? निम्मं उत्तर तिथेच सापडेल.

🔸 ज्या ताई-काकूंना बऱ्याच दिवसांपासून थकवा, चिडचिड, उदासी आहे, त्यांनी या महिन्यात डॉक्टरांकडे जाऊन यायचं. घरच्यांनी सोबत जायचं.

🔸 रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसून दिवस आठवायचा. कुठे सहज गुण जिंकला, कुठे आपण थांबू शकलो. फक्त बघायचं. स्वतःला रागवायचं नाही.

*कुटुंब गटात चर्चेसाठी*

१) तुमच्या घरात एकाच गोष्टीला दोन माणसं वेगळी प्रतिक्रिया देतात असं एक उदाहरण सांगा. त्यात बीज किती, जमीन किती असं वाटतं?

२) तुमच्या लहानपणी तुमच्यावर कोणता शिक्का बसला होता? तो आज किती खरा आहे?

३) घरातल्या एका माणसासाठी घरानं कोणती एक गोष्ट बदलली, तर जुळणी चांगली बसेल?

मुलांनाही चर्चेत बसवा. त्यांना आपल्याबद्दल काय वाटतं, तेही ऐकायची तयारी ठेवा 😊

बीज आपण निवडलं नाही, जमीनही बरीचशी आयतीच मिळाली. मशागत मात्र रोज सकाळी आपली वाट बघत असते. ती करायची बुद्धी आणि दुसऱ्याच्या शेताला नावं न ठेवण्याची समज सद्गुरूंनी आपल्या सगळ्यांना द्यावी, हीच प्रार्थना.

ही शब्दसेवा श्रीगुरुचरणी अर्पण 🙏🌼

– एक सेविका, इंदूर